एकच तबकडी, चार वेळा: हार्डकोर पंकची प्रेसिंग्ज (वेगवेगळ्या छपाया) जमवायची तर

गेल्या उन्हाळ्यात आई ठाण्याहून आमच्याकडे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टला आली होती. एका दुपारी तिने रेकॉर्डचं कपाट पुसायला काढलं आणि हातात गठ्ठा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "अरे, ही एकच तबकडी चार वेळा कशाला आणलीस? गंडवलं का तुला कुणी?"

मी चारही कव्हरं जेवणाच्या टेबलावर पालथी मांडली. तिने चष्मा लावला, एकेक निरखलं आणि दुसऱ्या कव्हरावर बोट ठेवून म्हणाली, "ह्या माणसांची डोकी कुठं गेली?"

तिला पाच मिनिटांत दिसलं ते मला दिसायला दोन वर्षं लागली होती. बरेच डॉलर लागले ते वेगळेच. ती डोकी कुठं गेली ते सांगतोच, पण आधी ज्यांना एखादी आवडती हार्डकोर पंक रेकॉर्ड तिच्या वेगवेगळ्या छपायांसकट जमवावीशी वाटते, त्यांनी सुरुवात कुठून करायची ते बघू.

पहिलं काम: एकच रेकॉर्ड निवडा

बँड निवडू नका, लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, तर मुळीच निवडू नका. जी रेकॉर्ड तुम्ही इतकी ऐकली आहे की दोन गाण्यांमधली शांतताही पाठ आहे, ती एक घ्या. बाकी सगळं त्यावरून आपोआप शिकता येतं.

हार्डकोरच्या रेकॉर्ड्सना एवढ्या तऱ्हा का, याचं कारण पैसा, म्हणजे खरं तर त्याचा अभाव. १९८०च्या आसपास अमेरिकेत हे वेगवान, तोडून टाकणारं पंक वाजवणारी बहुतेक पोरं विशीच्या आतबाहेरची होती. मोठी कंपनी त्यांना दारात उभं करणार नव्हती. वॉशिंग्टन डीसीच्या डिसकॉर्ड रेकॉर्ड्सचं उदाहरण घ्या. टीन आयडल्स हा बँड फुटला, कार्यक्रमांतून साठवलेले थोडे पैसे उरले होते, त्यातून १९८० साली सात इंची रेकॉर्डच्या हजार प्रती काढल्या. कव्हरं पोरांनी घरी बसून कापली, दुमडली, डिंकाने चिकटवली. १९८१ मध्ये त्याच लेबलवर मायनर थ्रेट या बँडची पहिली सात इंची आली. तिच्या कव्हरावरचा, पायऱ्यांवर मान खाली घालून बसलेल्या मुंडण केलेल्या पोराचा फोटो पुढे जगभर टीशर्टांवर गेला. संपल्या की पुन्हा छापायच्या, आणि फोटो तोच ठेवून कव्हराचा रंग मात्र बदलायचा. असं होत होत एकाच रेकॉर्डची अख्खी रंगपेटी तयार झाली.

दशकाच्या शेवटी हवा पालटली. १९८७ मध्ये सुरू झालेल्या रेव्हलेशन रेकॉर्ड्सच्या काळात रंगीत व्हिनाइलच्या (रेकॉर्डच्या प्लास्टिकच्या) मोजक्या प्रती मुद्दाम काढायची पद्धत रुळली, आणि आज तर प्रत्येक नव्या रेकॉर्डचे सहा रंग पहिल्याच दिवशी विकायला असतात. मला यात फारसा रस नाही. गोळा करणाऱ्यांसाठीच केलेली विविधता गोळा करणं म्हणजे दुकानदाराने आखून दिलेली रांगोळी भरणं. तुम्हाला आवडत असेल तर जरूर भरा. हा लेख मात्र अडचणीतून, चुकांतून आणि भांडणांतून झालेल्या तऱ्हांबद्दल आहे.

दुसरं काम: रेकॉर्डची कुंडली मांडा

माझी रेकॉर्ड म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या डेड केनेडीजची १९८० सालची 'फ्रेश फ्रूट फॉर रॉटिंग व्हेजिटेबल्स'. चौदा गाणी, जेमतेम ३३ मिनिटं. पुढच्या कव्हरावर पोलिसांच्या पेटलेल्या गाड्यांची रांग आहे. तो फोटो सॅन फ्रान्सिस्कोतलाच, २१ मे १९७९ च्या रात्रीचा. महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि नगर पर्यवेक्षक हार्वी मिल्क यांना गोळ्या घालणाऱ्या डॅन व्हाइटला खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाच्या हलक्या कलमाखाली दोषी ठरवलं गेलं, आणि शहर सिटी हॉलवर चालून गेलं.

आता गंमत बघा. बँड कॅलिफोर्नियाचा, पण अल्बम आधी उभा राहिला इंग्लंडमध्ये, चेरी रेड या लेबलवर, क्रमांक बी रेड १०. अमेरिकेत तो आयआरएस या लेबलने काढला, क्रमांक एसपी ७००१४. म्हणजे पहिल्याच वर्षी दोन देश, दोन लेबलं. त्यात अमेरिकेच्या सुरुवातीच्या प्रतींवर गाड्यांचा तो काळापांढरा फोटो नारिंगी रंगात छापला गेला. बँडला ते अजिबात रुचलं नाही आणि पुढे रंग काढून टाकला. तेव्हा नारिंगी कव्हर दिसलं की अमेरिकेची सुरुवातीची छपाई, हा पहिला धडा सोपा आहे.

खरी मजा मागच्या बाजूला. तिथे बँडने एका जुन्या, गुळगुळीत पोशाखातल्या वाद्यवृंदाचा फोटो लावला होता. फोटो कुठल्याशा जुन्या सामानाच्या विक्रीत हाती लागलेला. त्यावर स्वतःची चिन्हं चिकटवली आणि जणू हेच डेड केनेडीज अशा थाटात छापून टाकला. पण तो वाद्यवृंद खराखुरा निघाला. साउंड्स ऑफ सनशाइन नावाचा, १९७१ मध्ये एक हळवं प्रेमगीत गाजवलेला. त्यांच्याकडून कोर्टाची भाषा आली. मग पुढच्या छपाईत फोटो तोच, पण माणसांची डोकी उडवलेली. तेही त्यांना चाललं नाही, तेव्हा फोटो पुरता काढून दिवाणखान्यात बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचं एक चित्र तिथे आलं. डोकी असलेली, डोकी नसलेली आणि दिवाणखाना: मागच्या कव्हराच्या या तीन तऱ्हा पाठ केल्या की काळाचा अंदाज दुकानात उभ्या उभ्या बांधता येतो.

पुढचं थोडक्यात. रॉयल्टीवरून बँडमधले बाकीचे आणि गायक जेलो बियाफ्रा कोर्टात गेले, २००० मध्ये ज्युरीचा निकाल बियाफ्राच्या विरोधात लागला, आणि त्यानंतरची पुनर्मुद्रणं मॅनिफेस्टो या लेबलकडून येऊ लागली. २०२२ मध्ये क्रिस लॉर्ड-ॲल्गी या ध्वनितंत्रज्ञाने मूळ फिती घेऊन गाण्यांचं मिक्सच, म्हणजे आवाज-वाद्यांचा मेळच, नव्याने केला. ते वेगळं प्रेसिंग म्हणून मोजू नका. ते ऐकायलाच वेगळं आहे, ढोल पुढे आलेला आणि सगळं धुऊन पुसून ठेवल्यासारखं. मी विकत घेतलं, दोनदा ऐकलं, भाच्याला दिलं.

अशी कुंडली तुमच्याही रेकॉर्डची मांडता येते. डिस्कॉग्ज या रेकॉर्ड्सच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर अल्बमचं मुख्य पान उघडलं की खाली सगळ्या देशांतल्या, सगळ्या वर्षांच्या आवृत्त्यांची यादी असते. एक रविवार काढा आणि ती वाचा. त्या रविवारी काहीही विकत घेऊ नका.

तिसरं काम: कोरी पट्टी वाचायला शिका

पुस्तकात पहिली आवृत्ती कधीची, पुनर्मुद्रण कितवं, हे आतल्या पानावर छापलेलं असतं. रेकॉर्डवर असं पान नसतं. तबकडीच्या मधल्या कागदी लेबलवर १९८० असं छापलंय म्हणून रेकॉर्ड १९८० ची, असं नवखा माणूस समजतो आणि इथेच सगळ्यात जास्त जण फसतात. ते वर्ष ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं असतं. तीच रेकॉर्ड वीस वर्षांनी छापली तरी ते तसंच राहतं.

खरी जन्मनोंद असते शेवटचं गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत काळी पट्टी उरते तिथे. तिला रनआउट किंवा डेड वॅक्स म्हणतात. तिथे अक्षरं का असतात, हे समजायला रेकॉर्ड कशी बनते ते पाहावं लागेल. आधी लाखेसारखा थर दिलेल्या एका मऊ चकतीवर सुईने खाच कोरली जाते. त्या चकतीवर विजेच्या साहाय्याने निकेलचा थर चढवतात, तो सोलून काढला की उलटा ठसा मिळतो. त्यावरून सुलटी 'मदर', आणि मदरवरून पुन्हा उलटे साचे, म्हणजे स्टॅम्पर. अशा दोन तापलेल्या साच्यांमध्ये व्हिनाइलचा गोळा दाबला की रेकॉर्ड तयार. साचा झिजतो, हजाराच्या आसपास प्रती काढल्या की नवा लागतो. कोणत्या चकतीचा कोणता साचा हे कारखान्यात कळावं म्हणून खुणा करायच्या त्या या रिकाम्या पट्टीवर. कव्हर बदलता येतं, लेबल नव्याने छापता येतं. पट्टीवरची अक्षरं मात्र साच्यातच असतात.

वाचायची रीत अशी. रेकॉर्ड कडांना धरून तिरपी करा, मोबाइलचा टॉर्च वरून न मारता बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला चिकटवून मारा. रेकॉर्ड सावकाश फिरवा. आधी काहीच दिसत नाही. मग एका कोनात अचानक चंदेरी ओरखडे उमटतात, आणि ओरखडे वाटत होते ते आकडे निघतात. हाताने कोरलेलं अक्षर वाकडंतिकडं, कुणाच्या तरी वहीतल्यासारखं दिसतं. यंत्राने ठोकलेलं अक्षर एकसारखं आणि जरा खोल असतं. दोन्ही बाजू वाचा आणि जसं दिसतं तसं, टिंब, रेघ, खोडलेला आकडा यांसकट कागदावर उतरवा. खोडलेला आकडा तर सोन्यासारखा, कारण तीच चूक असलेली प्रत त्याच घाण्याची.

काही सह्या ओळखीच्या होतात. जॉर्ज पेकहॅम या इंग्लिश कारागिराने कोरलेल्या चकत्यांवर 'पोर्की' अशी त्याच्या टोपणनावाची सही सापडते. फ्रान्सच्या कारखान्याच्या प्रतींवर 'एमपीओ' अशी अक्षरं असतात. सहा आकडी संख्या आणि तिच्यापुढे 'ई१/ए' अशी शेपटी दिसली तर ती चेक प्रजासत्ताकातल्या जीझेड मीडियाची, अलीकडच्या काळातली छपाई समजा. विकणारा तिला १९८० ची म्हणत असेल तर हसून पुढे जा. आणि पंक रेकॉर्ड्सच्या पट्टीवर कधी कधी आकड्यांच्या शेजारी बँडने कोरून घेतलेले विनोद, शिव्या, प्रश्न असतात. साखरेच्या डब्यात तळाशी दडवलेली दहाची नोट सापडावी तसं वाटतं.

उतरवलेली अक्षरं डिस्कॉग्जच्या यादीतल्या प्रत्येक आवृत्तीखाली दिलेल्या नोंदीशी ताडून पाहा. दोन्ही बाजू जुळल्या तरच जुळलं म्हणा.

बाकीच्या खुणा दुय्यम आहेत, पण उपयोगी पडतात. १९८० च्या छोट्या लेबलांच्या कव्हरांवर बारकोड सहसा नसतोच, तेव्हा तो दिसला तर रेकॉर्ड बहुधा नंतरची. लेबलचा रंग, त्याच्या कडेने फिरणारा मजकूर, कंपनीचा पत्ता, पुठ्ठ्याची जाडी, आतल्या पिशवीचा कागद, सगळं बघून घ्या. आणि आत काय काय असायला हवं याची यादी आधी करा. 'फ्रेश फ्रूट'च्या सुरुवातीच्या प्रतींबरोबर कात्रणांच्या कोलाजचं एक मोठं पोस्टर होतं. ते बहुतेक पोरांनी भिंतीला चिकटवून संपवलं, म्हणून पोस्टरसकट मिळालेल्या प्रतीची किंमत लगेच चढते.

चौथं काम: कुंपण घाला

हौसेला मोल नाही म्हणतात. आहे, डॉलरमध्ये आहे, वर टपालखर्च. त्यामुळे पहिली खरेदी करण्याआधी काय जमवणार नाही ते ठरवा. माझा नियम असा: ज्या प्रतीत डोळ्यांना किंवा कानांना फरक कळतो तीच घ्यायची. फक्त साच्याचा आकडा ए१ ऐवजी ए२ आहे म्हणून दुसरी घ्यायची नाही. कुणी प्रत्येक देशाची एक घेतो, कुणी फक्त पहिल्या पाच वर्षांतल्या. कुंपण कुठलंही चालेल, पण ते लिहून कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवा, कारण रात्री एक वाजता लिलाव संपत असताना आठवण राहत नाही.

पाचवं काम: विकत घेणं, आणि माझी फजिती

दर्जाची भाषा आधी शिका. विक्रेते गोल्डमाइन या संग्राहकांच्या मासिकाची पद्धत वापरतात: मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड. इथला 'गुड' आपल्या 'चांगला'चा अर्थ घेऊन बसलात तर पस्तावाल. 'गुड' म्हणजे चरचरणारी, ओरखड्यांनी भरलेली, फक्त वाजते एवढंच. माझ्या मते नवख्याने व्हेरी गुड प्लस शोधावी. निअर मिंटसाठी दुप्पट पैसे मोजून शेवटी ती वाजवायची भीती वाटते.

आता फजिती. नारिंगी कव्हराची अमेरिकी प्रत एका ऑनलाइन विक्रेत्याकडे दिसली. कव्हराचे फोटो झकास, कोपरे टोकदार, मागे सगळी डोकी जागच्या जागी. तबकडीचा फोटो एकच, तोही लांबून, चकाकीने लेबल पांढरं पडलेला. मी घाईत पैसे भरले. पार्सल आलं, पिशवीतून रेकॉर्ड सरकवली, आणि लेबलवर लिहिलेलं होतं चेरी रेड, बी रेड १०. कव्हर अमेरिकेचं, तबकडी इंग्लंडची. कुणाच्या तरी घरी दोन्ही प्रती होत्या, पार्टीनंतर चुकीच्या जोड्या लागल्या असतील, किंवा कुणी जाणूनबुजून लावल्या असतील. विक्रेत्याचं म्हणणं, मी कव्हराचाच फोटो दाखवला होता ना. परत घ्यायला तयार, पण टपालखर्च माझा. मी ठेवून घेतली.

तेव्हापासून पैसे भरण्याआधी चार गोष्टी मागतो: दोन्ही लेबलांचा जवळून फोटो, दोन्ही कोऱ्या पट्ट्यांचा फोटो किंवा निदान अक्षरं टंकून, आत काय काय आहे त्याची यादी, आणि रेकॉर्ड दिव्याखाली तिरपी धरलेला एक फोटो. सभ्य शब्दांत विचारा. चांगला विक्रेता आनंदाने देतो, त्यालाही पारखी गिऱ्हाईक आवडतं. टाळाटाळ करणाऱ्याला सोडून द्या, प्रत पुन्हा कुठेतरी येतेच.

दुकानात गेलात तर हे सगळं तिथल्या तिथे होतं. फक्त काउंटरवर विचारल्याशिवाय रेकॉर्ड पिशवीतून बाहेर काढू नका, आणि खोक्यातल्या रेकॉर्ड्स चाळताना वर ओढण्याऐवजी पुढे झुकवत जा.

नकली मालाबद्दल दोनच शब्द. महाग सात इंची रेकॉर्ड्सच्या चोरट्या छपाया खूप आहेत. कव्हर दुसऱ्या कव्हरावरून स्कॅन केलेलं असलं की बारीक अक्षरं फुगलेली दिसतात आणि फोटोत ठिपक्यांची जाळी उमटते. मूळ रेकॉर्ड कधी रंगीत निघालीच नसेल आणि तुमच्यासमोर जांभळी प्रत असेल, तर प्रश्न संपला. शंका आली की पुन्हा कोरी पट्टीच बघा.

महाराष्ट्रात राहून मागवत असाल तर रेकॉर्डच्या किमतीवर टपाल, कस्टम्स ड्यूटी आणि कुरियरवाल्याचं शुल्क धरूनच हिशेब मांडा. एकेक मागवण्यापेक्षा एकाच विक्रेत्याकडून तीन-चार एकत्र मागवलेल्या परवडतात. रेकॉर्ड कव्हराच्या बाहेर, वेगळ्या पिशवीत ठेवून पाठवायला सांगा, नाहीतर प्रवासात तबकडीची कड कव्हराची शिवण फाडते. इथून कुणी येणार असेल तर हातातल्या बॅगेतून आणायला सांगा. मी ठाण्याला दोन आणल्या होत्या, लॅपटॉपच्या पाठीमागे सरकवून.

सहावं काम: जपणं

उभ्याच ठेवायच्या, एकावर एक थप्पी लावायची नाही. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत रेकॉर्ड विसरलात तर संध्याकाळी तिची ताटली झालेली असेल. बाहेरची पारदर्शक पिशवी पीव्हीसीची घेऊ नका. उकाड्यात ती तबकडीवर धुरकट डाग सोडते. पॉलिप्रॉपिलीनची घ्या. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात कागदाच्या जुन्या पिशव्यांना बुरशी येते, तेव्हा जुनी पिशवी रेकॉर्डच्या मागे वेगळी ठेवा, टाकू मात्र नका, ती आवृत्तीचा भाग आहे. आणि कपाट भिंतीला चिकटवू नका.

सातवं काम: वही घाला

मी एक साधी तक्ता-वही ठेवली आहे. प्रत्येक प्रतीची एक ओळ: देश, लेबल, क्रमांक, दोन्ही पट्ट्यांवरची अक्षरं, मागच्या कव्हराची तऱ्हा, आत काय आहे, कुठून घेतली, केवढ्याला. आणि एक रकाना 'वाजवून पाहिलं' असा. तो रिकामा राहू लागला की आपला संग्रह म्हणजे नुसता तिकिटांचा अल्बम होतोय, हे लक्षात येतं. माझ्या वहीत त्या नारिंगी कव्हरापुढे लाल शाईने लिहिलं होतं: 'तबकडी परकी.'

आई परत गेल्यावर दोन महिन्यांनी बर्कलीला टेलिग्राफ ॲव्हेन्यूवरच्या अमीबा या रेकॉर्डच्या दुकानात स्वस्त मालाचा एक खोका चाळत होतो. साध्या पांढऱ्या पिशवीत, कव्हर नसलेली एक तबकडी. लेबलवर आयआरएस, एसपी ७००१४. टॉर्च लावला, पट्टी वाचली, मोबाइलवर ताडून पाहिली, जुळली. पहिल्या बाजूवर मधोमध लांब ओरखडा, कुणीतरी लेबलवर बॉलपेनने स्वतःचं नाव गिरवलेलं. कॉफीपेक्षा स्वस्त पडली. घरी येऊन नारिंगी कव्हरात घातली, आणि चेरी रेडची तबकडी वेगळ्या पिशवीत काढून ठेवली. आता तिला कव्हर शोधायचं आहे.

वहीत ती ओळ खोडून नव्याने लिहिली: 'कव्हर आणि तबकडी दोन्ही आयआरएस, पण वेगवेगळी घेतलेली. जोडलेली प्रत. तिसऱ्या गाण्यावर सुई उडते.'